पाहुण्याला उकडू द्या

नवतपा नुकता संपलेला आणि मृगाचा पाऊस अजून लांब, असे वर्ध्याचे दिवस. सकाळी दहालाच गल्ल्या ओस पडतात. जून १९४२च्या पहिल्या आठवड्यात नेमक्या अशाच दिवसांत लुई फिशर नावाचा एक अमेरिकी माणूस दिल्लीहून रेल्वेने वर्ध्याला उतरला. जन्म फिलाडेल्फियाचा, वय शेहेचाळीस. बरीच वर्षं मॉस्कोत राहून वार्ताहराचं काम केलेलं, म्हणजे अंगाला सवय बर्फाची. वर्ध्याहून टांग्यात बसून ते सेवाग्रामला निघाले. टांग्यात सोबतीला गांधीजींचे दातांचे डॉक्टर होते.

महायुद्ध ऐन भरात होतं. ब्रिटिश सरकारचे दूत क्रिप्स येऊन हात हलवत परत गेले होते. फिशर यांना गांधीजींना विचारायचे प्रश्न खंडीभर होते. पण पहिली गाठ पडली ती आपल्या उन्हाशी.

त्यांनी काय केलं? पत्र्याचा एक टब मिळवला आणि त्यात पाणी भरलं. पाण्यात एक लाकडी खोकं ठेवून त्यावर स्वतः बसले. शेजारी त्याहून मोठं खोकं मांडून त्यावर टाइपरायटर ठेवला. अंग तापलं की भांड्याने पाणी घेऊन अंगावर ओतायचं आणि पुन्हा टाइप करायचं. असं करून एका बैठकीत तासभर काम होई, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

हसू येतं, आणि यायलाच हवं. पण वर्धेकरांनो, जरा थांबून बघा. हा माणूस कूलर होऊन बसला होता! आपण मार्चअखेर माळ्यावरून कूलर काढतो, ताट्या बदलतो, टाकीत पाणी भरतो. त्यामागे जे शास्त्र आहे, तेच त्या टबात होतं. विदर्भाची उन्हाळी हवा कोरडी. अशा हवेत पाणी झपाट्याने उडून जातं आणि जाताना अंगाची उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हा प्रयोग फसला असता. तिथे अंगावरचं पाणी अंगावरच राहतं. म्हणजे दोन दिवसांत, कुणी न शिकवता, फिलाडेल्फियाच्या माणसाने वर्ध्याच्या हवेचा स्वभाव ओळखला होता.

त्याला तो ओळखता आला, कारण त्याला उकडू दिलं गेलं होतं.

माझं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

*

आता जेवणाचं. सेवाग्रामच्या पंगतीत फिशर सगळ्यांबरोबर चटईवर बसत. पानात रोज उकडलेल्या भाज्यांचा लगदा. तिखट नाही, फोडणी नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी पाहुण्याने हात आखडता घेतला. गांधीजींनी विचारलं, भाज्या आवडत नाहीत का? फिशर यांनी सरळ सांगितलं की तीन दिवस तीच तीच चव नको वाटते. गांधीजी म्हणाले, भरपूर मीठ घाला, लिंबू पिळा. फिशर यांनी विचारलं, म्हणजे चव मारून टाकू? गांधीजी म्हणाले, मारू नका, वाढवा. त्यावर पाहुण्याने यजमानाला ऐकवलं की तुमची अहिंसा एवढी मोठी, की तुम्ही चवीलाही मारणार नाही.

या प्रसंगात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते लिंबू.

आश्रमाला पाहुण्यासाठी वेगळा स्वयंपाक करता आला असता. उद्योगपती जमनालाल बजाज यांनी उभा केलेला पसारा वर्ध्यात होता, श्रीमंत घरं होती, एका निरोपावर पाव-लोणी आलं असतं. ते केलं नाही. आणि ‘आहे ते मुकाट्याने खा’ असंही कुणी म्हटलं नाही. ताट सगळ्यांचं तेच ठेवलं आणि त्याच ताटात लिंबू दिलं. पिळायचं काम पाहुण्याचं. पाहुणचाराचा याहून चांगला नियम मला माहीत नाही.

त्या आठवड्यातून ‘अ वीक विथ गांधी’ हे पुस्तक निघालं, त्याच वर्षी, १९४२मध्ये. पुढे १९५०मध्ये फिशर यांनी गांधीजींचं मोठं चरित्र लिहिलं. १९८२चा अ‍ॅटनबरोंचा ‘गांधी’ चित्रपट त्या चरित्राच्या आधाराने उभा राहिला. शेवटच्या वर्षांत ते प्रिन्स्टनला शिकवत होते. जगाने गांधी ज्या डोळ्यांनी पाहिले, त्यांतले दोन डोळे सेवाग्रामच्या उन्हात टबात बसून उघडले होते. त्या आठवड्यात त्यांना कुणी नागपूरच्या गार हॉटेलात ठेवलं असतं आणि रोज दोन तास मोटारीने आणून मुलाखत घडवली असती, तर मुलाखत झाली असती. ते चरित्र असं झालं नसतं.

*

आता आजचं चित्र बघा. समजा, एखादे अमेरिकी प्राध्यापक वर्षभरासाठी वर्ध्याला आले. समजायला कठीण नाही. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७पासून इथे आहे, परदेशी विद्यार्थी तिथे हिंदी शिकतात. सेवाग्राम आहे, पवनारला विनोबांचा आश्रम आहे, ग्रामोद्योगांची मगनवाडी आहे. ग्रामोद्योग, खादी, नई तालीम यांवर काम करणाऱ्याला वर्धा टाळून पुढे जाताच येत नाही. तर हे सर येतात. आणि आपण काय करतो?

आधी खुर्ची आणतो. सगळे सतरंजीवर बसलेले असतात आणि सर एकटे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, उंच, अवघडलेले. मांडी घालता येत नसेल, गुडघे दुखत असतील, तर खुर्ची जरूर द्या. पण विचारून द्या. न विचारता दिलेली खुर्ची म्हणजे ‘तुम्ही आमच्यातले नाही’ असं चार पायांवर उभं राहून सांगणं.

मग बाटली. पाणी उकळून गाळून द्या, परक्या पोटाची तेवढी काळजी घेतलीच पाहिजे. पण आपण तिथे थांबत नाही. तिखट काढून घेतो, तर्री बाजूला करतो, झुणक्यात साखर घालतो, आणि शेवटी सरांपुढे असं काहीतरी ठेवतो जे अमेरिकेतही कुणी खात नाही आणि वर्ध्यातही नाही. अहो, तर्री-पोह्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या! पुढच्या वेळी ते स्वतःच अर्धी तर्री मागतील. त्या ‘अर्धी’ शब्दात त्यांचं वर्ध्यात राहणं सुरू होईल.

मग हार, शाल, श्रीफळ आणि व्यासपीठ. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांना बोलायला लावतो, ‘भारताविषयी आपलं मत’. तीन दिवसांत माणसाला मत होत नाही, जुलाब होतात. पण आपल्याला मत हवं असतं आणि तेही गोड. मग ते बिचारे ‘अध्यात्म’ आणि ‘हसरे चेहरे’ असं काहीतरी बोलतात. आपण टाळ्या वाजवतो. दोघांचंही नुकसान होतं.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे इंग्रजी. हा माणूस वर्षभर खपून हिंदी शिकून आलेला असतो. भाजीवाल्यापुढे उभा राहून, मनात वाक्य जुळवून, घाम पुसत म्हणतो, ‘भैया, टमाटर कैसे दिए?’ आणि मागून आपल्यातला एखादा शिकलेला धावत येतो, ‘सर, सर, आय विल हेल्प!’ त्याचं वाक्य आपण हिरावून घेतो. भाजीवाल्याने मात्र शांतपणे भाव सांगितलेला असतो. त्या क्षणी सरांचा खरा गुरू भाजीवाला असतो.

*

भाषेचा मुद्दा इथे सोडणार नाही. वर्ध्यात तो फार रसाळ आहे.

हिंदी शिकून वर्ध्याला येणाऱ्याला पहिला धक्का असा की गाव मराठी आहे. दुसरा धक्का असा की ती पुस्तकातली मराठी नाही. रिक्षावाला विचारतो, ‘कुठी जाऊन राह्यले जी?’ पुण्याच्या माणसाला हे ऐकून हसू फुटतं. हसू द्या त्याला. हिंदी शिकलेल्या परदेशी माणसाला मात्र इथे एकदम वाट सापडते. ‘जा रहे हैं’ त्याला येतंच. ‘जाऊन राह्यले’ हे त्याच धाटणीचं, त्याच सांध्यावर वळलेलं. जे बोलणं शाळेत ‘अशुद्ध’ म्हणून आपल्या पोरांच्या तोंडातून काढून टाकलं जातं, तेच परक्या माणसाला हिंदीतून मराठीत उतरवणारा पूल आहे. वऱ्हाडी-नागपुरी बोलीची ही ताकद आपल्याला एखाद्या परदेशी प्राध्यापकाने दाखवून द्यावी लागत असेल, तर चूक आपली आहे.

शब्दांचे खड्डेही आहेतच. सर बाजारात ‘सांबार’ मागणारी बाई बघतात आणि त्यांना वाटतं, हिला इडलीबरोबरचं सांबार हवंय. तिच्या पिशवीत पडते कोथिंबिरीची जुडी. घरी सांबारवडी समोर येते आणि त्यात डाळीचं पाणी नसतं, हिरवीगार कोथिंबीर असते. हा गोंधळ त्यांचा त्यांना निस्तरू द्या. शब्दकोशातून शिकलेला शब्द परीक्षेपर्यंत टिकतो. बाजारात फसून शिकलेला शब्द मरेपर्यंत टिकतो.

आणि ज्यांना आपण असं फसू दिलं, शिकू दिलं, त्यांनी काय दिलं ते आठवा. मॅक्सीन बर्नसन फलटणला राहिल्या. फलटणमध्ये लोक प्रत्यक्ष कसं बोलतात, जातीजातीत, वस्तीवस्तीत मराठी कशी बदलते, यावर त्यांनी १९७३मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. मग भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फलटणमध्ये शाळा उभी केली, मराठी माध्यमाची! आपण आपली पोरं इंग्रजीत घालत असताना एक अमेरिकी बाई तालुक्याच्या गावात मराठी वाचन शिकवण्याची पद्धत बसवत होती. गेल ऑम्व्हेट मिनेसोटाच्या. फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीवर बर्कलेला प्रबंध लिहिला, भारत पाटणकरांशी लग्न केलं, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात संसार मांडला, १९८३मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. मोर्चात त्या मराठीत बोलत. २०२१मध्ये त्या गेल्या, त्या कासेगावातच. या बायकांना फलटणने आणि कासेगावने खुर्चीवर बसवून ठेवलं असतं, तर त्या दोन वर्षांत अहवाल लिहून परत गेल्या असत्या.

*

खुर्चीवरून एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचा माणूस पुढे वर्ध्याचा झाला.

जे. सी. कुमारप्पा तमिळ. लंडनला हिशेबतपासनीस झालेले, अमेरिकेत सिराक्यूजला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. १९२९मध्ये ते गांधीजींना भेटायला साबरमतीला गेले, तेव्हा अंगावर रेशमी सूट होता. झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसला होता. तेच गांधीजी, हे थोड्या वेळाने कळलं. कुमारप्पा तसेच जमिनीवर बसले. इस्त्रीची घडी गेली. कुणीतरी लगबगीने खुर्ची आणली, गांधीजींनीही तिच्यावर बसा म्हणून सुचवलं. कुमारप्पा म्हणाले, तुम्ही खाली बसला आहात, तर मी वर बसणार नाही.

अमेरिकेत शिकून आलेल्या त्या माणसाने नाकारलेली खुर्ची मला फार महत्त्वाची वाटते. १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत आले आणि घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद यांचं अर्थशास्त्र लिहीत बसले. त्यांच्यावरचं एक चांगलं इंग्रजी पुस्तक मार्क लिंडली या अमेरिकी अभ्यासकाने लिहिलं. लिंडली मुळात संगीताचे अभ्यासक, जुन्या वाद्यांचे सूर कसे लावले जात, या विषयातले जाणकार. सुराच्या बारीक फरकाला जागा असलेला कान मगनवाडीच्या अर्थशास्त्राकडे वळतो, यात मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो, काय किती ताणायचं.

१९७८च्या जानेवारीत इव्हान इलिच सेवाग्रामला आले. व्हिएन्नात जन्मलेले, अमेरिकेत आणि मेक्सिकोत काम केलेले, शाळेच्या चौकटीवरच घाव घालणारे विचारवंत. तिथल्या एका परिषदेत बोलण्याआधी सकाळी ते बापूकुटीत, म्हणजे गांधीजी राहत त्या झोपडीत, जाऊन बसले. बोलले तेही त्या कुटीवरच. माती, लाकूड, बांबू, कवेलू. आजूबाजूला मिळेल तेच सामान वापरायचं आणि खर्च बेताचाच ठेवायचा, अशी अट जिच्याबद्दल सांगितली जाते ती कुटी. जगभर व्याख्यानं दिलेल्या माणसाला वर्ध्याने बसायला काय दिलं? जमीन. आणि ती पुरली.

*

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळी तडजोड पाहुण्यानेच करायची का?

नाही. सेवाग्रामनेही केली. गावाचं मूळ नाव शेगाव. गांधीजींची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायला लागली, तेव्हा १९४०मध्ये गावाने नाव बदललं, सेवाग्राम. एका बाहेरच्या माणसाच्या टपालासाठी गाव आपलं नाव बदलतं, ही काही लहान गोष्ट नाही.

आणि फिशर यांच्या त्या आठवड्यातही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. ते मान डोलवायला आले नव्हते. इंग्रज निघून गेले तर जपान आत येईल, त्याचं काय, असं ते रोज विचारत राहिले. गांधीजींनी त्यांना स्पष्ट सांगितलं की स्वतंत्र भारतात मित्रराष्ट्रांच्या फौजा राहू शकतात, जपानशी लढायला या भूमीचा वापर करू शकतात. महिनाभराने, १४ जुलै १९४२ला, वर्ध्यालाच काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला. त्यातही हा मुद्दा होता. पाहुण्याला उकडू दिलं, पण त्याला वाद घालायलाही दिलं. तीन दिवस एकच भाजी खाऊन कंटाळलेला माणूस जेवणावर तोंडावर बोलू शकत होता, म्हणूनच फौजांवरही बोलू शकला. ज्या घरात पाहुण्याला भाजीला नावं ठेवता येत नाहीत, तिथे त्याचं राजकारणावरचं खरं मत कधीच ऐकू येणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी वर्ध्याला कुणी परदेशी प्राध्यापक आले, तर माझी वर्धेकरांना कळकळीची विनंती आहे.

उन्हाळ्यात आले, तर डोक्याला दुपट्टा कसा गुंडाळायचा ते शिकवा. खिशात कांदा ठेवायला सांगा आणि कशासाठी ते आजीला सांगू द्या. कैरीचं पन्हं द्या. जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, म्हणजे गैरसमज नको. कूलरमध्ये पाणी कुणी भरायचं, याची पाळी लावा, आणि त्या पाळीत त्यांचंही नाव लिहा. गोरस भांडारातला गोरसपाक चहात बुडवून कसा खायचा, हे दाखवा. ‘या सर’ म्हणू नका, ‘या जी’ म्हणा. तोडकीमोडकी मराठी बोलले, तर वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. आणि आठवडाभराने विचारा, आमचं काय चुकतं? जे सांगतील ते ऐका.

ताट मात्र तेच वाढा, जे घरात सगळ्यांना वाढता. आणि लिंबू विसरू नका.